अक्षरी रुपये

पावतीवर रक्कम दोनदा लिहायची असते, एकदा आकड्यात आणि एकदा अक्षरी. आकड्यापुढे एखादं शून्य वाढवता येतं, अक्षरात ती सोय नाही, म्हणून ही रीत. इंग्रजीत आकड्याचं अक्षरी करणारा प्रोग्राम लिहायचा तर विसापर्यंतचे शब्द आणि पुढे दहाच्या पटीतले शब्द पुरतात, बाकीचं जोडून घेता येतं. मराठीत ते जमत नाही. त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव या चौघांतही तीन आहे, पण त्याचं रूप सगळीकडे सारखं नाही. नव्व्याण्णवपर्यंतचा प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे लिहून ठेवावा लागतो आणि त्यातला एखादा चुकीचा छापला गेला तर तो थेट कुणाच्या तरी पैशाच्या पावतीवर दिसतो.

हे काम करणारा पायथनमधला एक लहानसा प्रोग्राम आम्ही काही जण मिळून सांभाळतो. भंडाऱ्यातल्या एका पतसंस्थेच्या काउंटरवर तो रोज चालतो. रक्कम अक्षरी करणं, सभासदांची नावं मराठी क्रमाने लावणं, नाव शोधून देणं, पावतीचा मजकूर तयार करणं, एवढंच त्याचं काम. कोड खुला आहे, कुणीही घ्यावा. या प्रोग्रामची बिल्ड आणि टेस्ट आपोआप होण्याची व्यवस्था लावली तेव्हा कामाची पद्धत बदलणार हे मला माहीत होतं. काम करणारी माणसंही बदलतील हे मात्र ध्यानात आलं नव्हतं.

मी जवाहरनगरला राहतो. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गावर ठाणा पेट्रोलपंप म्हणून थांबा लागतो, तिथून आत आयुध निर्माणीची वसाहत. बाबांची सगळी नोकरी या कारखान्यात गेली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं, तसं आम्हीही सोडलं आणि जवळच घर बांधलं. मी नागपूरच्या एका कंपनीचं काम घरून करतो. पतसंस्थेचा प्रोग्राम हे त्याशिवायचं, संध्याकाळचं काम. सोबतीला पुण्यात नोकरी करणारा एक शाळासोबती, भंडाऱ्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा माझा आत्येभाऊ, आणि इंजिनिअरिंगला असलेली त्याची मुलगी.

आपोआपची व्यवस्था नव्हती तेव्हा एक नवी आवृत्ती काउंटरपर्यंत न्यायची म्हणजे अख्खा रविवार जायचा. माझा लॅपटॉप उबंटूवर, पतसंस्थेचा कॉम्प्युटर विंडोजवर. पायथनचा प्रोग्राम एकाच एक्झी फाइलमध्ये बांधून देणारं पायइन्स्टॉलर नावाचं साधन आहे. त्याचा नियम असा की विंडोजसाठीची फाइल विंडोजवरच बांधायची. म्हणून मी मोटरसायकलवर भंडाऱ्याला आत्येभावाच्या दुकानात जायचो. त्याच्याकडे दुरुस्तीला आलेली यंत्रं मांडलेली, गिऱ्हाइकं उभी, आणि एका कोपऱ्यातल्या मशीनवर आमची बिल्ड चाललेली. मधल्या काळात कुणीतरी त्या मशीनवर पायथनची दुसरी आवृत्ती टाकलेली असे. कधी अँटिव्हायरस आमची ताजी फाइल संशयावरून उचलून बाजूला ठेवी. पायइन्स्टॉलरने बांधलेल्या फाइलींच्या नशिबी हे नेहमीचंच. शेवटी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन पतसंस्थेत जायचं. महिन्याभराने तिथून फोन आला की पहिला प्रश्न हाच, की त्यांच्याकडे आत्ता नेमकी कुठली आवृत्ती आहे? फाइलच्या नावावरून ते कळत नसे आणि आठवणीवर भरवसा ठेवण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

हा त्रास आमचा एकट्यांचा नाही, तो धंद्याइतकाच जुना आहे. बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हा प्रोग्राम लिहिला तो अशाच वैतागातून. त्यांचा एक सहकारी आपल्या प्रोग्राममधली चूक शोधत सकाळभर बसला होता. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त कोड पुन्हा बांधला गेलाच नव्हता. तो जुन्याच फाइलला प्रश्न विचारत होता. प्रत्येकाचं काम वरचेवर एकत्र करून तपासत राहावं या पद्धतीला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ हे नाव ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये वापरलं, आणि पुढे केंट बेक यांच्या मंडळींनी ती रोजच्या कामात आणली. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये कोहसुके कावागुची यांच्या कोडमुळे अधूनमधून बिल्ड मोडायची आणि सहकारी रागवायचे. म्हणून २००४ च्या सुमारास त्यांनी प्रत्येक बदल आधीच तपासून पाहणारा ‘हडसन’ लिहायला घेतला. त्याचंच नाव २०११ मध्ये ‘जेन्किन्स’ झालं, आणि नोकरीत कुठेही गेलं तरी तो कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर भेटतोच.

मीही सुरुवात जेन्किन्सने केली, घरातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर. नोकरीत हाताळलेलं साधन होतं, पैसे लागणार नव्हते आणि आपलं यंत्र आपल्या डोळ्यासमोर राहणार होतं. कोड पुश झाला, म्हणजे कुणी आपला बदल पाठवला, की जेन्किन्स तो उचलायचा आणि टेस्ट चालवायचा. ते पहिल्यांदा नीट चाललं त्या संध्याकाळी मी आईला बोलावून दाखवलं. तिला त्यातलं काय कळलं असेल ते असो, पण पुण्यात बसलेल्या मुलाने कळ दाबली आणि आपल्या घरातला पंखा घोंघावायला लागला, याचं तिला फार अप्रूप वाटलं. अडचण होती ती उन्हाची आणि लाइटीची. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. त्यात दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टर आधी घरचे पंखे सांभाळणार, डेस्कटॉप नंतर. शिवाय विंडोजची बिल्ड त्यावर होतच नव्हती, त्यामुळे मोटरसायकलच्या फेऱ्या काही सुटल्या नाहीत.

आमचा कोड गिटहबवर ठेवलेला होता. गिटहबने ‘ॲक्शन्स’ ही आपोआप बिल्ड आणि टेस्ट करण्याची सोय नोव्हेंबर २०१९ पासून सर्वांसाठी खुली केली होती, आणि खुल्या प्रकल्पाला तिचे पैसे पडत नाहीत. आम्ही तिकडे गेलो. कोडच्याच फोल्डरमध्ये एक यामल फाइल ठेवायची. कशावर चालवायचं, पायथनच्या कुठल्या आवृत्त्या घ्यायच्या, कोणत्या क्रमाने काय करायचं, हे सगळं त्यात. पुश झाला की कुठल्या तरी दूरच्या डेटा सेंटरमध्ये एक कोरी मशीन उभी राहते, आमचा कोड आणते, लागणारी पॅकेजं बसवते, टेस्ट चालवते, निकाल कळवते आणि नष्ट होते. आम्ही उबंटू आणि विंडोज दोन्ही लावले. विंडोजची एक्झी फाइल तिथेच बांधून मिळते. जवाहरनगर ते भंडारा ही फेरी तिथे संपली.

खरी मोलाची गोष्ट ही, की ती मशीन कोरी असते. माझा लॅपटॉप कोरा नाही. वर्षानुवर्षं त्यात मराठीसाठी काय काय बसवलेलं आहे ते मलाही पाठ नाही. नावं मराठी क्रमाने लावण्यासाठी आमचा प्रोग्राम यंत्रातल्या मराठी लोकेलचा, म्हणजे भाषेच्या नियमांच्या संचाचा, आधार घेत होता. माझ्याकडे ते लोकेल होतं, पुण्याच्या मित्राकडेही होतं, म्हणून सगळं सुरळीत. कोऱ्या उबंटूवर ते नव्हतं आणि टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास. मग आम्ही विचार केला की ज्या काउंटरवर हे चालणार तिथे काय बसवलेलं असेल याचा भरवसा कुणी द्यावा? क्रम लावण्याचा नियम आम्ही प्रोग्राममध्येच लिहिला.

त्या नियमाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो, ‘व’च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. यंत्राला काही न सांगता नावं लावायला दिली तर काळे आधी आणि कावळे नंतर येतात. मराठी यादीत कावळे आधी हवेत. क्षीरसागर तर यंत्र सरळ ‘क’मध्ये टाकून मोकळं होतं, आणि पतसंस्थेच्या जुन्या खतावणीत ते सगळ्यात शेवटी, ‘ळ’च्याही मागे. तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची बोटं त्याच जागी जातात, म्हणून आम्ही खतावणीचाच क्रम धरला. गंमत म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या बोलण्यात ‘ळ’चा ‘र’ होतो, डोळ्याला डोरा म्हणणारी माणसं आम्ही. त्या ‘ळ’ची जागा मात्र आता प्रत्येक पुशला तपासली जाते.

विंडोजच्या मशीनने दाखवलेली गोष्ट आणखी बारीक होती. अंकांचे शब्द आम्ही नुकतेच एका साध्या फाइलीत हलवले होते, पहिलाच शब्द ‘एक’. उबंटूवर सगळं हिरवं आणि विंडोजवर पहिल्याच अक्षराशी प्रोग्राम आडवा. कारण असं की फाइल कोणत्या संकेतात वाचायची हे सांगितलं नाही, तर विंडोजवरचा पायथन आपल्या जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्याने ती वाचू पाहतो. युटीएफ-८ मध्ये ‘ए’ हे अक्षर तीन बाइटांचं असतं, आणि त्यातल्या शेवटच्या बाइटाची जागा त्या तक्त्यात मोकळी आहे. तिथे काहीच नेमलेलं नाही, म्हणून पायथन थांबतो. हलन्ताचंही तसंच, त्याचाही शेवटचा बाइट अशाच मोकळ्या जागेवर पडतो. म्हणजे जोडाक्षर आलं की अडलंच. फाइल उघडताना ‘युटीएफ-८’ एवढं लिहिलं की काम भागतं. ही दुरुस्ती एका ओळीची, पण ती पतसंस्थेचं दार उघडायच्या आधी झाली. काउंटरवर रांग उभी असताना ही भानगड निघाली असती तर प्रोग्राम बाजूला ठेवून पुन्हा हाताने पावत्या फाडाव्या लागल्या असत्या.

तिसरी गोष्ट तारखेची. पावतीचा अनुक्रमांक दर १ एप्रिलला नव्याने सुरू होतो. त्याची टेस्ट होती, आणि ती दिवसा पास व्हायची, मध्यरात्रीनंतर नापास. पुण्याच्या मित्राला रात्री उशिरा काम करायची सवय, त्यामुळे लाल फुल्या नेमक्या त्याच्याच नावावर. गिटहबच्या मशीनचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे तारीख बदलून पहाट होईपर्यंत त्या मशीनवर कालचाच दिवस चालू असतो. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला भारतीय वेळ असते, तिथे हे कधी घडलं नसतं. तरी प्रोग्रामने ‘आज कोणती तारीख’ हे यंत्राला विचारण्यापेक्षा ती त्याला बाहेरून द्यावी, हे त्यातून पक्कं झालं. आता ३१ मार्च आणि १ एप्रिल या दोन्ही तारखा टेस्टमध्ये हाताने दिलेल्या आहेत, रात्री चालवा की दिवसा.

इतकं सगळं लागल्यावरही माझ्या मनात एक खटका होता. टेस्ट म्हणजे शेवटी एक प्रश्न आणि त्याचं आधी ठरवून ठेवलेलं उत्तर. यंत्र प्रश्न न कंटाळता हजारदा विचारेल, पण प्रश्न सुचायचा कुणाला? आणि उत्तर बरोबर आहे हे सांगायचं कुणी? आम्ही चौघं कॉम्प्युटरवाले. आमच्यापैकी कुणालाही शाळा सुटल्यापासून ‘त्र्याऐंशी’ हाताने लिहायची वेळ आलेली नव्हती.

आमच्या गल्लीत एक बाई राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. पहिली ते चौथीच्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या, मी त्यातलाच. शंभरपर्यंतचे शब्द तपासून द्याल का, म्हणून मी त्यांच्याकडे छापील यादी घेऊन गेलो. त्यांनी लाल पेनाने यादी तपासली आणि परत देताना विचारलं, “ही यादी पुढे कुणी बदलली तर मला कसं कळणार?” या प्रश्नाने सगळी पुढची आखणी बदलली.

टेस्टचा तक्ता आम्ही कोडमधून बाहेर काढला. एक साधी सीएसव्ही फाइल केली. डावीकडे आकडा, उजवीकडे तो कसा छापला जावा ते, आणि तिसऱ्या रकान्यात बाईंचा शेरा. ती एक्सेलमध्ये उघडता येते. बाईंच्या नातीने त्यांना गिटहबवर खातं काढून दिलं आणि फाइल ब्राउझरमध्येच कशी बदलायची ते शिकवलं. बाई ओळ घालतात, खाली कारण लिहितात, पाठवतात. मशीन उभी राहते, पायटेस्ट हा टेस्ट चालवणारा प्रोग्राम त्या तक्त्यातली प्रत्येक ओळ आमच्या प्रोग्रामला विचारतो आणि बाईंच्या मोबाइलवर मेल जातो. पायथनची एक ओळही न लिहिणारं माणूस आमच्या प्रोग्रामला नापास करू शकतं. या सगळ्या खटाटोपातलं मला सगळ्यात आवडतं ते हे.

त्या तक्त्याचा उपयोग लवकरच झाला. पुण्याच्या मित्राला एवढी लांब यादी खटकायची. कोड आटोपशीर ठेवणारा माणूस तो. त्याने पाहिलं की एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ असे नऊने संपणारे शब्द पुढच्या दशकापासून बनतात. त्याने तसा नियम लिहिला आणि यादीतून ते शब्द काढले. नियम देखणा होता. पुश केल्यावर दोन ओळी लाल आल्या. एकोणीसच्या जागी ‘एकोणवीस’ आणि नव्व्याण्णवच्या जागी ‘एकोणशंभर’. लॉगमध्ये दोन्ही रूपं एकाखाली एक छापलेली होती, अपेक्षित काय आणि आलं काय. ‘एकोणशंभर’ हा शब्द मी तोवर पाहिला नव्हता. मित्राने तो बदल मागे घेतला आणि यादी होती तशी राहिली. पण ‘एकोणवीस’वर त्याचं म्हणणं होतं की लोक तसंही म्हणतात. बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, “बोलायला चालेल. पावतीवर एकोणीस.” निर्णय झाला, आणि तो का झाला ते फाइलीत कायमचं राहिलं.

बाईंना अंकांच्या शब्दांबद्दल इतकी आस्था का, ते नंतर बोलण्यातून उलगडलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असं वाचण्याची पद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला होता. मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या. मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम अवघड जातो, हे त्यांचं म्हणणं. बाईंना ते पूर्ण पटत होतं, कारण त्रेपन्न ऐकून पस्तीस लिहिणारी मुलं त्यांनी वर्गात रोज पाहिली होती. “वर्गात वीस एक म्हणू दे की. पोराला गणित यायला हवं,” त्या म्हणाल्या. “पण पैशाच्या कागदावर एकवीसच हवं. वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला शंका यायला नको.” मला हा भेद फार नेमका वाटतो. एकच आकडा, पण कोण वाचणार त्यावर उत्तर ठरतं.

तसेच प्रश्न मग पतसंस्थेच्या काउंटरवरूनही यायला लागले. तिथल्या लिपिकभाऊंचा एकदा फोन आला, “भाऊ, हे काय छापून रायलं जी तुमचं मशीन? पंधराशे लिहिलं.” प्रोग्रामला १,५०० चं ‘पंधराशे’ कुणीतरी बोलण्यातल्या सवयीने शिकवलं होतं. पावतीवर ‘एक हजार पाचशे’च लागतं. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच तक्त्यात टाका. ते गिटहबवर आले नाहीत, येणारही नाहीत. ते बाईंना व्हॉट्सॲपवर रक्कम आणि हवा तो मजकूर पाठवतात, बाई तक्त्यात घालतात. १,००,१०० चं ‘एक लाख शंभर’, १०१ चं ‘एकशे एक’, आकड्यांत स्वल्पविराम हजारावर नि मग लाखावर, या सगळ्या ओळी अशाच आल्या. पायथनला नुसतं स्वल्पविराम दे म्हटलं तर तो लाखाला १००,००० लिहितो.

एक प्रश्न मात्र डोळ्यांना दिसणारा नव्हता. शाखेच्या नावातलं ‘भंडाऱ्या’ शोधलं तर निम्म्या नोंदी मिळत, निम्म्या मिळत नसत. पडद्यावर दोन्ही अगदी सारख्या. इंजिनिअरिंगच्या मुलीने एका दुपारी दोन्ही शब्द अक्षर अक्षर सोडवून दाखवले. एकात ‘ऱ’ हे युनिकोडचं स्वतंत्र अक्षर, त्यामागे हलन्त आणि ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, आणि ‘य’. कोण कोणत्या कळफलकावर टाइप करतं त्यावर ते ठरतं, आणि दोन्ही लेखनं वैध आहेत. ‘ॲड.’चंही तेच. ‘ॲ’ हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत आले आणि अजूनही लिहितात. नुसत्या नजरेने तपासणाऱ्याला यातलं काहीही सापडणार नाही. आता शोधण्याआधी प्रोग्राम दोन्ही रूपं एक करून घेतो, आणि त्याच्या टेस्टमध्ये शब्द अक्षरांनी लिहिलेले नाहीत, युनिकोडच्या क्रमांकांनी लिहिले आहेत. नाहीतर एखाद्याच्या संपादकाने परस्पर एक रूप दुसऱ्यात बदललं तर टेस्ट स्वतःशीच तुलना करत हिरवी राहायची. ही सावधगिरी त्या मुलीची. पतसंस्थेच्या प्रोग्रामात तिने लिहिलेला पहिला कोड तोच.

बाबा कारखान्यातलं काम घरी बोलत नसत, आणि आम्हीही विचारत नसू. पण ही व्यवस्था लावत असताना त्यांनी एकदा मागे उभं राहून सगळं पाहिलं. लाल-हिरव्या खुणा कोण देतं, असं विचारलं. मी म्हटलं, यंत्र देतं, पण प्रश्न बाईंचे. ते म्हणाले, “मग ठीक. बनवणाऱ्याने आपला माल आपणच पास करायचा नाही.” त्यांच्या कारखान्याचा माल तपासून घेणारी गुणवत्ता आश्वासनाची यंत्रणा कारखान्याच्या बाहेरची होती. संरक्षण खात्याचं ते वेगळं महासंचालनालय. लॉट तयार झाला म्हणजे तो गेला असं नसे, वेगळ्या माणसांनी नमुने तपासून मान्य केल्यावर तो पुढे जाई. गिटहबवरच्या आमच्या रेपोमध्ये त्याच दिवशी मी एक अट घातली. तक्त्यातली उत्तराची ओळ बदलायची असेल तर बाईंची मान्यता लागेल, मला स्वतःलाही.

कारखान्याशी माझ्या कामाची बरोबरी मी याहून पुढे नेत नाही. २४ जानेवारी २०२५ ला सकाळी निर्माणीत स्फोट झाला आणि कामावर गेलेली माणसं घरी आली नाहीत. इथल्या ठाणा गावापासून साहुलीपर्यंत कुणाचा ना कुणाचा ओळखीचा त्यात होता. आमच्याकडे लाल फुली आली तर एक संध्याकाळ जाते. त्या भिंतीपलीकडे काम करणाऱ्यांच्या जोखमीपुढे हे काहीच नाही, आणि या गावात राहून ते विसरता येत नाही. म्हणूनच जिथे तपासणी इतकी स्वस्त आहे, एका पुशच्या अंतरावर आहे, तिथे ती टाळणारा मला समजत नाही.

आता रोज रात्री साडेतीनलाही एकदा सगळ्या टेस्ट चालतात, यामलमध्ये ती वेळ ग्रीनिचच्या हिशेबाने रात्रीचे दहा अशी लिहिली आहे. कुणी काही बदललं नसलं तरी आम्ही वापरतो ती पॅकेजं बाहेर बदलत असतात, त्याची खबर काउंटरच्या आधी आम्हाला लागावी म्हणून. सगळं हिरवं असेल तरच रिलीज होतो. आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख एक्झीमध्येच घातली जाते आणि पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापली जाते, त्यामुळे फोन आला की पावती वाचून दाखवा एवढंच म्हणायचं. छपाई स्वतः मात्र यंत्राने तपासता येत नाही. काउंटरवरच्या प्रिंटरवर ‘त्र्याण्णव’मधलं ‘त्र्या’ नीट जुळलं आहे का हे कागद हातात घेऊन पाहावं लागतं. ते काम लिपिकभाऊंकडे आहे. नवी आवृत्ती लागली की पहिली पावती ते ९३ रुपयांची काढतात, पाहतात आणि रद्द करतात.

तक्त्यात सध्या एक ओळ अडून आहे. संस्थेच्या वार्षिक अहवालासाठी मोठ्या रकमा अक्षरी हव्यात, आणि १,००,००,००,००० ला काय छापायचं यावर मतभेद आहे. बाईंचं म्हणणं ‘एक अब्ज’, अंकलिपीत तेच आहे. लिपिकभाऊ म्हणतात, “अब्ज कोन वाचते जी? शंभर कोटी लिहा, सभासदाला समजते.” दोघंही आपापल्या जागी ठाम. पायटेस्टमध्ये अशा ओळीला ‘सध्या नापास होणं अपेक्षित’ अशी खूण करता येते, मग ती लाल दिसत नाही, पिवळी दिसते, आणि रिलीज अडत नाही. तशी खूण केली आहे. अहवाल छापायला जाण्याआधी लेखापरीक्षकांना विचारायचं ठरलं आहे, आणि ते जे सांगतील ते बाई तिसऱ्या रकान्यात कारणासकट लिहिणार आहेत.